तपासणीला नटून आलेला ट्रक

मिक्सर बिघडला म्हणून तक्रार केली, तर तुम्ही ग्राहक आहात का असं कोणी विचारत नाही. ट्रक बिघडला म्हणून तक्रार केली, तर पहिला प्रश्न हाच. गाडीला काय झालंय ते नंतर. आधी सांगा, ही गाडी चालवतो कोण?

कारण असं, की वस्तू धंद्यासाठी घेतलेली असेल तर घेणारा कायद्याच्या लेखी ग्राहकच नाही. आता ट्रक काय कोणी हवा खायला घेतं का? पण कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे. स्वतःचं पोट भरायला, स्वतः राबून चालवायला घेतला असेल, तर तो माणूस ग्राहक. म्हणजे स्वतः स्टिअरिंगवर बसणारा एका ट्रकचा मालक आत, आणि ताफा बाळगणारा शेठ बाहेर. हे शेठ लोकांनाही कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. एकदा एक पांढऱ्याशुभ्र कपड्यातले गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, मी गरीब माणूस, स्वतःच गाडी चालवतो." मी विचारलं, "बरं, तुमच्या गाडीची डिझेलची टाकी कुठल्या बाजूला आहे?" ते म्हणाले, "थांबा, ड्रायव्हरला विचारून सांगतो." फोन कानाला लावला आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. चहा न पिताच गेले बिचारे.

मी भोईवाड्यातली, गायकवाड. माझगावला ट्रकच्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर माझं अर्धं आयुष्य गेलं. गाडी आत घेताना 'काय होतंय' असं विचारून जी बाई लिहून घेते, ती मी. ड्रायव्हर सांगायचा, "गाडी रडते", आणि मी लिहायची, 'पिकअप कमी'. पुढे त्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि सर्व्हिस सेंटर पार मुंबईबाहेर गेलं. मी काही गेले नाही. आमच्या विहाराच्या वाचनालयात रविवारी टेबल टाकून बसले आणि वाहनांच्या तक्रारी घेऊ लागले. ग्राहक आयोगात वकीलच लागतो असं नाही, तक्रारदाराने अधिकार दिला तर माझ्यासारखी बाईही उभी राहू शकते. तशी मी बरीच वर्षं उभी राहतेय. कंपन्यांच्या वकिलांना मी आवडत नाही, कारण काउंटरच्या आतल्या बाजूला काय चालतं ते मला माहीत आहे.

लोकांना वाटतं, नवी गाडी सारखी बिघडली की कंपनीला बदलून द्यावीच लागते. बाहेरच्या काही देशांत म्हणे तसा कायदा आहे. ठरावीक वेळा दुरुस्त करूनही तोच बिघाड राहिला, की गाडी परत घ्या नाहीतर पैसे परत द्या. आपल्याकडे तसा सरळ कायदा नाही. आपल्याकडे सिद्ध करा, की दोष कारखान्यातूनच आला. आणि ते नुसतं बोलून होत नाही, जाणकार माणसाकडून तपासून घ्यावं लागतं. दुसरी सोय आहे ती सरकारकडे तक्रार नोंदवायची. एकाच मॉडेलबद्दल पुरेशा तक्रारी जमल्या, तर कंपनीला त्या गाड्या परत बोलावून दोष फुकट काढून द्यायला लावता येतं. पण परत बोलावणं म्हणजे काय, हेच कोणी नीट सांगत नाही. शिवडीच्या एक बाई नवऱ्यामागे ट्रकचा धंदा सांभाळत होत्या. कंपनीचं पत्र आल्यावर त्यांनी ट्रक पनवेलला दिराच्या वाडीत नेऊन लपवला. मला म्हणाल्या, "एक हप्ता चुकवला नाही मी, मग गाडी परत कसली मागतात?" मी समजावलं, की अहो, जप्ती नाही, स्टिअरिंगचा एक भाग बदलून देणार आहेत. त्यांना पटलं, पण अर्धंच. ट्रक वर्कशॉपात असेपर्यंत त्या समोरच्या फुटपाथवर छत्री उघडून उभ्या होत्या, चावी परत देतात की नाही ते बघत.

हे सगळं सांगितलं, कारण आता ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्या बाबू परबाची केस याशिवाय कळणार नाही.

परब लालबागचा. मूळ गाव कुडाळकडे, बोलताना मधेच मालवणी यायची. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या आणि मग बायकोचे दागिने, भावाची मदत, बँकेचं कर्ज असं करून स्वतःचा ट्रक घेतला. समोर लाल अक्षरांत 'सातेरी प्रसन्न'. माझगावच्या गोदामांतून माल भरायचा आणि घाटावर न्यायचा. माणूस शांत. इतका, की तक्रार सांगताना सुद्धा ट्रकला वाईट वाटेल अशा बेताने सांगायचा.

"ताई, गाडी वाईट नाय हो. रिकामी असली की शहाण्यासारखी वागता. पण भरलेली असली आणि तापली, की ब्रेक कधी कधी उशिरा धरता."

"उशिरा म्हणजे?"

"म्हणजे मी दाबतो, आणि ती विचार करता."

मी हसले, पण तो हसत नव्हता. मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन हवा दाबून टाकीत भरतं. पायाखालचं पेडल दाबलं की एक व्हॉल्व्ह उघडतो आणि ती हवा चाकांकडे धावते. माझा संशय त्याच व्हॉल्व्हवर होता; तो अडकला, तर पाय खाली गेलेला असतो आणि ट्रक चाललेलाच असतो. वडाळ्याच्या पुलावरून उतरताना परबाचं एकदा तसंच झालं. पुढे बस होती. ट्रक थांबला तेव्हा बसच्या मागच्या सीटवरच्या बाईच्या केसातला गजरा त्याला दिसत होता. तिने मागे वळूनही बघितलं नाही. ते सांगताना मात्र त्याचा आवाज बदलला.

वर्कशॉपात तो पुन्हा पुन्हा गेला होता. दर वेळी तेच. गाडी आत, माल उतरवून, थंड करून, आवारातल्या आवारात एक चक्कर, आणि शेरा, 'ट्रायल घेतली, ओके'. मला हा शेरा चांगला ओळखीचा. ताप आलेल्या माणसाला अंघोळ घालून थर्मामीटर लावावा तसला हा प्रकार. परबाने दर वेळी 'भरलेली असताना' असं लिहून घ्यायला लावलं होतं, तरी भरून ट्रायल कोणी घेतली नव्हती.

त्याच्या बायकोला, सुवर्णाला, मी तेव्हाच भेटले. ती सरळ म्हणाली, "मला पैसे नकोत ताई. ही गाडी घ्या आणि दुसरी द्या म्हणावं, नाहीतर ह्यांना दुसऱ्याची चालवू दे. घाट उतरला की हे फोन करतात. तोवर माझं घरात लक्ष लागत नाही." बाहेरचा भाग टाकला तर वॉरंटी जाते, म्हणून बाहेरच्या मिस्त्रीकडे जाता येत नव्हतं आणि गाडी उभी करून ठेवणंही परवडणारं नव्हतं. कर्ज काही ब्रेक धरायची वाट बघत नाही. तेव्हा तो हळू चालवायचा, पुढच्या गाडीपासून खूप अंतर ठेवून, मागून लोक हॉर्न मारून शिव्या देत असताना. मागणी आमची एकच होती. गाडी बदलून द्या.

आयोगात कंपनीने आधी परबालाच शेठ ठरवायचा प्रयत्न केला. वकिलांनी विचारलं, "गाडीवर ड्रायव्हर कोण आहे?"

"मी."

"तुम्ही आजारी पडलात तर?"

"तर गाडी पण आजारी."

अध्यक्ष मॅडम खाली बघून काहीतरी लिहू लागल्या, पण त्यांना हसू आलं होतं. तो मुद्दा तिथेच संपला. मग कंपनीने दुसरं काढलं. आपल्याकडे ट्रक बरेचदा नुसत्या सांगाड्यावर विकला जातो, इंजिन आणि चाकं कंपनीची, मागची माल भरायची बॉडी मालक बाहेरून बांधून घेतो. परबानेही रे रोडला बांधून घेतली होती. वकील म्हणाले, बॉडीवाल्याने वेल्डिंग करताना काहीतरी बिघडवलं असेल. आता बॉडी मागे, व्हॉल्व्ह पायाखाली. पण 'असेल' हा शब्द फार कामाचा असतो, तो खोडून काढायला तपासणीच लागते. आम्ही तपासणी मागितली.

तपासणीला आयोगाने एका इंजिनिअरिंग कॉलेजचे सर नेमले. माटुंग्याचे, निवृत्तीला आलेले, नाकासमोर चालणारे. मी हट्ट धरून आदेशात लिहून घेतलं, की ट्रक पूर्ण भरायचा, चांगला तापेपर्यंत चालवायचा आणि मग पुलाच्या उतारावर ब्रेक बघायचा. सर स्वतः केबिनमध्ये बसणार. त्या एका ओळीसाठी मी किती तारखा भांडले ते माझं मला माहीत. ती ओळ मिळाली त्या दिवशी मी परबाला म्हटलं, "झालं बाबू. आता गाडीच बोलेल." तो नुसता मान हलवत होता.

तपासणीच्या दिवशी मी सकाळी माझगावला पोचले आणि ट्रक बघून जागच्या जागी उभी राहिले. ट्रक धुतलेला, पुसलेला. चेसिसला ताजा काळा रंग. नव्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, नवे मडफ्लॅप, नंबर प्लेटचे आकडे पुन्हा रंगवलेले, पुढे झेंडूचा हार. सातेरीच्या लाल अक्षरांना पिवळी कड. नवरीला बघायला पाहुणे येणार म्हणून आवरावं तसा सगळा थाट. मला हे लक्षण बरं दिसेना. मागे पुरेपूर माल भरलेला होता, तेवढं आमच्या मनासारखं होतं.

सर केबिनमध्ये चढले. कंपनीचा माणूस आणि मी मागून टॅक्सीने. ट्रक शिवडीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग पुलावर चढला आणि उतारावर लागला. आणि काय सांगू, असा थांबला, की आमच्या टॅक्सीवाल्याने "व्वा" म्हटलं. सरांनी पुन्हा घ्यायला लावला, पुन्हा तसाच. कंपनीच्या माणसाने मोबाइल काढला आणि आनंदाने कोणाला तरी मेसेज करू लागला. सरांनी उतरून कागदावर लिहिलं, ब्रेक उत्तम.

सगळे गेल्यावर मी परबाला बाजूला घेतलं. "काय केलंस?"

"व्हॉल्व्ह बदलला."

"कोणी?"

"मिस्त्रीकडे नेली होती ना, रे रोडला. दुसऱ्या कंपनीचा टाकला. छान बसला."

"आणि जुना?"

"तो त्याच्याकडेच. जुना दिला की नवा स्वस्तात पडता."

मी रस्त्यातच ओरडले. आयुष्यात इतकी कधी कोणावर ओरडले नाही, घरातल्यांवर सुद्धा नाही. "अरे, जो दोष दाखवायला एवढं केलं, तोच काढून आलास? कोणी सांगितलं होतं तुला?" तो खाली मान घालून उभा. म्हणाला, "तपासणी होती ना ताई."

मी त्याच पावली मिस्त्रीकडे गेले. त्याने कोपऱ्यातला ढीग दाखवला. सगळे व्हॉल्व्ह सारखेच काळे, तेलकट. "यातलाच एखादा असेल, नाहीतर काल भंगारवाला घेऊन गेला त्यात गेला असेल," म्हणाला. आता त्याला तरी काय बोलायचं.

परबाच्या त्या 'तपासणी होती ना' या उत्तराचा अर्थ मी माझ्यापुरता लावला, आणि तो चुकीचा वाटायचं काही कारणही नव्हतं. ट्रकवाल्याला तपासणी म्हटलं की एकच माहीत असतं, आरटीओचं पासिंग. पासिंगला गाडी न्यायची म्हणजे दिवे चालू करा, रंग मारा, स्टेपनी नसेल तर शेजारच्याची मागून आणा, बिघडलेलं असेल ते निदान त्या दिवसापुरतं नीट करा. साहेबाला गाडी चांगली दिसली पाहिजे. आयुष्यभराची सवय. बिघाड दाखवायचा म्हणून बिघडलेली गाडी साहेबासमोर नेणं हे त्या डोक्यात बसणार कसं? मी हा किस्सा खूप जणांना सांगितला. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायची, पण आतून जळफळाट व्हायचा, कारण केस गेल्यात जमा होती.

व्हॉल्व्ह बदलल्याचं मीच आयोगाला लेखी कळवलं होतं. शेवटच्या सुनावणीला सरांनाही बोलावलं होतं, त्यांच्या अहवालावर प्रश्न विचारायला. कंपनीच्या वकिलांची कळी खुललेली. म्हणाले, तक्रारदाराने स्वतःच गाडीत छेडछाड केली, मूळ भाग नाहीसा केला, कारण मूळ भागात दोष नव्हताच आणि ते उघडं पडलं असतं. मी माझ्या परीने पासिंगची सवय समजावून सांगितली. अध्यक्ष मॅडमनी ऐकून घेतलं आणि मग परबाकडे बघितलं.

"तुम्ही सांगा. तपासणी आहे माहीत असताना भाग का बदलला?"

परब उभा राहिला. त्याला अशा ठिकाणी बोलायची सवय नव्हती. शर्टाचं वरचं बटण लावून आला होता.

"मॅडम, सर माझ्या बाजूला बसणार होते."

"म्हणून?"

"गाडी भरलेली, तापलेली, आणि उतार. ब्रेक दर वेळी उशिरा धरत नव्हता. कधी धरायचा, कधी नाय. नेमका तेव्हा नाय धरला असता तर? मी गेलो असतो तर माझी गाडी, माझं कर्म. पण त्यांना बसवायचं कसं? त्यांना काय माहीत होतं का त्या गाडीचं?"

"पण तेच तर त्यांना दाखवायचं होतं," मॅडम म्हणाल्या.

"व्हय मॅडम. पण माणूस मारून दाखवायचं का?"

कंपनीच्या वकिलांनी समोरचे कागद उगाच सरळ केले. मला विचाराल तर मला त्याचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी रागही येत होता, की अरे, हे त्या दिवशी रस्त्यात सांगायला काय झालं होतं. नंतर मी विचारलंच. म्हणाला, "तुम्ही एवढ्या चिडलेल्या, मला वाटलं आधी तुमचं होऊ दे."

मॅडमनी सरांना विचारलं, दुसरा व्हॉल्व्ह टाकल्यावर बिघाड गेला, तर दोष त्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये होता असं म्हणता येईल का? सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "शक्यता मोठी आहे. पण जो भाग मी बघितला नाही, त्याच्याबद्दल शपथेवर कसं सांगू?"

निकालही तसाच लागला. कारखान्यातला दोष सिद्ध झाला नाही, म्हणून गाडी बदलून मिळाली नाही. भरलेल्या गाडीची तक्रार असताना वर्कशॉपने दर वेळी रिकामी गाडी फिरवून ओके म्हटलं, ही मात्र सेवेतली कसूर ठरली. नुकसानभरपाई मिळाली. मी त्याला विजय म्हणत नाही. सुवर्णा म्हणाली, "ब्रेक धरतो ना आता? मग झालं." मला ते पुरेसं वाटलं नाही. त्याच मॉडेलच्या आणखी गाड्या रस्त्यावर आहेत, त्यांच्या ड्रायव्हरांच्या पायाखाली तोच व्हॉल्व्ह असणार. परबाची आणि माझगावच्या आणखी काही मालकांची तक्रार मी सरकारच्या साइटवर नोंदवून दिली आहे. अजून तरी कंपनीने कोणाला बोलावलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाची ट्रकची तक्रार असेल, तर एवढं करा. जिवाला धोका असेल तर दुरुस्ती जरूर करून घ्या, पण आधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि काढलेला भाग घरी घेऊन या. पलंगाखाली ठेवा, देव्हाऱ्याशेजारी ठेवा, पण कोणाला देऊ नका.

त्या सुनावणीनंतरचं सांगायचं राहिलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो तर सर तिथे उभे होते. आमचीच वाट बघत असावेत. परबाजवळ आले.

मग म्हणाले, "परब, त्या दिवशी उतारावर मी तुम्हाला म्हणालो होतो, अजून वेग घ्या, एकदम शेवटी दाबा. आठवतं?"

मी मागे टॅक्सीत होते, मला हे माहीत नव्हतं.

"आठवतं ना सर. दोन्ही वेळेला म्हणालात."

"तुम्ही घेतलात वेग."

"नवा व्हॉल्व्ह होता ना."

"आणि तुम्ही तो बदलला नसता तर?"

"तर गाडी चालूच नसती केली," परब म्हणाला. "मी ठरवलं होतं. मिस्त्रीकडे त्या दिवसापर्यंत व्हॉल्व्ह आला नसता, तर तुम्हाला खाली उतरवणार होतो आणि ताईंना सांगणार होतो, केस मागे घ्या."

सरांनी त्याचा हात हातात घेतला. हात काही सोडेनात. परब अवघडून गेला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा जिन्याकडे.

"सर, येतो मी," शेवटी तोच म्हणाला. "माझगावला गाडी भरून उभी असा."